जुई ससे बघायला का जात नाही

"इथं बसायचं," हाइके म्हणाली, "आणि काहीही करायचं नाही."

तिनं दाखवलेली लाकडी खुर्ची माझ्या गुडघ्याच्याही खाली होती. मी तिच्यावर बसले तेव्हा माझे गुडघे हनुवटीला लागले.

"काहीही म्हणजे?" मी विचारलं.

"जुई जवळ आली तर जवळ घ्या. लांब गेली तर जाऊ द्या. तिला खेळणं दाखवायचं नाही, ढकलायचं नाही, 'बघ, ती मुलगी काय करते' असं म्हणायचं नाही. तुम्ही फक्त असायचं."

जर्मनीतल्या लाइपझिग शहरातलं हे पाळणाघर. त्याला तिकडे किटा म्हणतात. पहिल्या दिवशी मूल सोडून निघून जायची तिथं सोय नाही. आधी आईनं किंवा वडलांनी काही दिवस कोपऱ्यात बसायचं, मग मुलाचा निरोप घेऊन थोडा वेळ बाहेर जायचं, मग थोडा जास्त वेळ. मूल कासावीस झाल्यावर तिथल्या बाईंच्या कुशीत शांत होऊ लागलं की त्याला सवय झाली असं धरायचं. कुणाला दोन आठवडे पुरतात, कुणाला दोन महिनेही पुरत नाहीत.

माझ्याकडे सप्टेंबर महिना होता. ऑक्टोबरच्या एक तारखेला मला विद्यापीठाच्या बियाणं प्रयोगशाळेत रुजू व्हायचं होतं. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर लग्न, मग मंदारच्या नोकरीमागे हा देश, मग जुई. एवढं सगळं पार पडल्यावर हाताला लागलेलं ते पहिलं काम होतं. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई सौम्य होत्या, पण बोलल्या ते स्वच्छ: हिवाळी बियांची पेरणी ठरल्या तारखेला होते, तुम्हाला जमणार नसेल तर आधी सांगा, यादीत दुसरं नाव आहे. जुईला सांभाळायला घरी माझी आई होती, पण तिचा व्हिसा सप्टेंबरअखेर संपत होता. म्हणजे सगळं या किटावर येऊन थांबलं होतं.

कोपऱ्यात बसणं मला आवडलं, हे मात्र सांगायला हवं. बी रुजताना बघत बसायची मला सवय होती आणि इथं तर बिया पळत होत्या. एक मुलगी मिळेल ती वस्तू नेऊन कचऱ्याच्या डब्यात टाकायची आणि मग डब्याला टाटा करायची. दोघं जण एकाच मोडक्या ट्रकवरून भांडायचे, बाकीचे चार धडके ट्रक बाजूला पडून असायचे. मुलांना सांभाळणारी हाइके जमिनीवर फतकल मारून बसलेली असायची. पन्नाशी ओलांडलेली, आखूड पांढरे केस, पायात लोकरीचे मोजे. ती क्वचितच बोलायची. मुलं तिच्या अंगावरून चढून पलीकडे जायची.

जुई तेव्हा पावणेदोन वर्षांची होती. पहिले दिवस तिनं मजेत काढले. चौथ्या दिवशी हाइकेनं मला खूण केली. मी जुईसमोर उकिडवी बसले आणि म्हणाले, "जुई, आई बाहेर जाते. थोड्या वेळानं येते." उठले, दार ओढलं आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

आतून आवाज आला नाही. आदल्याच दिवशी एका मुलाच्या आईनं दार ओढलं तेव्हा त्यानं छप्पर डोक्यावर घेतलं होतं. मी परत आत गेले तेव्हा जुई होती तिथंच उभी होती, हातात लाकडी चमचा. मला बघून ती हसली.

घरी आल्यावर मी आईला सांगितलं, "अजिबात रडली नाही."

"रडेल कशाला? शहाणी आहे आपली पोरगी." आईनं जुईची दृष्ट काढल्यासारखी बोटं कानशिलावर मोडली. "आता तुझ्या बाईला सांग, आमची पास झाली."

बाईंचं मत वेगळं होतं. दोन दिवसांनी हाइकेनं मला बाकावरून उठवलं आणि दाराला असलेल्या छोट्या काचेपाशी नेलं.

"बघा," ती हळूच म्हणाली. "तुम्ही बाहेर पडल्यापासून अशीच आहे."

जुई भिंतीला पाठ लावून उभी होती. चमचा हातात होता, पण ती त्याच्याशी खेळत नव्हती. ती दाराकडे बघत होती. मी काचेआड वाकले.

"रडत तर नाहीये," मी म्हणाले.

"नाही. पण खेळतही नाही. खात नाही. कुणी जवळ गेलं की आणखी भिंतीला चिकटते." हाइकेनं अंगणाकडे बोट केलं. "आणि एक गोष्ट मला कळत नाही. आमच्या अंगणात ससे आहेत. मुलं त्यांच्यासाठी वेडी असतात. मी म्हणते, चला, ससे बघायला जाऊ. सगळी धावतात. जुई मात्र तुम्ही असाल तर तुमची पँट धरून बसते आणि नसाल तर खाली बसून अंग कडक करते. ती प्राण्यांना भिते का?"

"मुळीच नाही. रस्त्यावरच्या प्रत्येक कुत्र्याला मिठी मारायला जाते."

"मग ससे का नकोत?"

"माहीत नाही," मी म्हणाले. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला काळजीच्या आधी कुतूहलच वाटलं.

पुढे तीन-चार दिवस तेच. मी बाहेर, जुई भिंतीला. हाइके म्हणाली, तुम्ही बाहेर थांबायचा वेळ वाढवता येणार नाही. मी विचारलं, ती गप्प राहते हे चांगलं नाही का? ती म्हणाली, "मला तिचं रडू हवंय असं नाही. पण वाईट वाटलं तर ती कुणाकडे तरी जाते, हे मला दिसायला हवं. आत्ता ती कुणाकडेच जात नाही. अशा मुलाला सोडून तुम्ही कामावर जा, असं मी म्हणू शकत नाही."

घरी मी हे सांगताना आई ऐकत होती. "ह्यांच्याकडं पोरगं रडलं की पास होय?" ती म्हणाली. "आमच्या दवाखान्यात न रडणाऱ्या पोराला बिस्किट मिळायचं."

आई आरोग्यसेविका म्हणून निवृत्त झाली होती. सगळा जन्म तिनं सातारा जिल्ह्यातल्या वाड्यावस्त्यांवर मुलांना डोस पाजण्यात घालवला होता. मूल गप्प कसं करायचं, हे तिला सांगायची कुणाची टाप नव्हती.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी जर्मनच्या वर्गाला निघाले होते. जुलैत आई आल्यापासून आमची रीत ठरलेली होती. मी तयार झाले की आई जुईला कडेवर घ्यायची आणि म्हणायची, "चल, ट्राम बघू." दोघी बाल्कनीत गेल्या की मी बूट हातात घेऊन दार आवाज न करता उघडायची आणि जिन्यात बसून बूट घालायची. हे करा असं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मूल घरी ठेवून बाहेर पडायचं ते असंच, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

त्या सकाळी आई म्हणाली, "चल, ट्राम बघू," आणि जुईनं माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरलं. आईनं तिला उचललं तेव्हा ओढणीही तिच्याबरोबर गेली.

मी वर्गाला गेलेच नाही. ओढणीच्या दुसऱ्या टोकाला उभी राहिले आणि मला ससे आठवले.

रविवारी मंदार घरी होता. मी म्हणाले, "आज एक प्रयोग करायचाय."

"पोरीवर?" त्यानं वर्तमानपत्र खाली केलं. "शलाका, ती बी नाहीये."

"तिच्यावर नाही, आपल्यावर. तू बाल्कनीत जा आणि तिला ट्राम बघायला बोलव. मी इथं गाऊनमध्ये कांदा चिरत बसते."

मंदारनं हाक मारली. जुई धावत गेली. तिचं ट्रामशी काही वाकडं नव्हतं.

मग मी बाहेर जायचे कपडे घातले आणि आईला तेच म्हणायला लावलं. जुई आली आणि माझ्या पायाला बिलगली.

"आता ट्राम म्हणू नकोस," मी आईला म्हणाले. "दुसरं काहीतरी दाखव. कबूतर."

"चल गं, कबूतर बघू," आई म्हणाली. जुईनं मान हलवली आणि माझा पाय आणखी घट्ट धरला. म्हणजे कारण ट्रामचं नव्हतं.

शेवटी मी त्याच कपड्यांत आधी जाऊन बाल्कनीत बसले आणि मग आईनं तिला बोलावलं. जुई उड्या मारत आली, माझ्या मांडीत बसली आणि कबूतर नसलेल्या कठड्याकडे बोट दाखवून हसली.

मंदार दारात उभा होता. "म्हणजे?"

"म्हणजे बघायला काय आहे याच्याशी तिला देणंघेणं नाही. आई बाहेरच्या कपड्यांत असताना कुणी 'चल, हे बघ' म्हटलं आणि आई तिथं आधीच नसली, की परत आल्यावर आई घरात नसते. हे तिनं शोधून काढलंय. ट्राम, कबूतर, ससे, सगळं तिला एकच."

"आणि आपण म्हणत होतो, तिला ट्राम फार आवडते," मंदार म्हणाला.

"ती किटात दाराकडे का बघते ते तरी कळलं. तिथं मी निरोप घेऊन जाते. मला जाताना तिनं पहिल्यांदाच पाहिलंय. तिच्यासाठी आई जात नसते, नाहीशी होत असते. जाणाऱ्या आईचं काय करायचं हे तिला माहीतच नाही."

मी बोलत सुटले होते. नियम सापडला की माझं असं होतं. आईकडे माझं लक्षच नव्हतं. ती उठून आत गेली आणि भांडी घासू लागली. ती भांडी मी सकाळीच घासून ठेवली होती.

दुपारी जुई झोपली. आई तिचे इवलेसे कपडे घड्या घालून मांडीवर रचत होती. मी चहा दिला तर तिनं तो बाजूला ठेवला.

"तू वासराला भीत नव्हतीस," ती म्हणाली.

मला काही कळेना. आमच्या घरात माझी ही एक जुनी थट्टा आहे. शलाका गाईगुरांना भिते, लहानपणी वासरू बघूनसुद्धा पाठ फिरवायची. मामेभाऊ अजून लग्नकार्यात सगळ्यांसमोर हंबरून दाखवतो.

"आता हे कुठून काढलंस?"

"तू जुईएवढी होतीस. मला पाटणच्या वर, डोंगरात उपकेंद्र मिळालेलं. तुझे बाबा भिवंडीला. तुला उंब्रजला मामाकडं ठेवलेलं. मी शनिवारी यायची, सोमवारी पहिल्या एसटीनं जायची."

"ते माहीत आहे मला."

"मी निघायच्या वेळी भाऊ तुला खांद्यावर घ्यायचा. चल, वासरू बघू, म्हणायचा. गोठ्यात न्यायचा. तेवढ्यात मी मागच्या दारानं निघायची." आईनं एक झबलं उलगडलं आणि पुन्हा त्याच घडीत घातलं. "एकदा तू दाराची चौकट धरलीस. सोडीचना. भाऊनं बोटं एकेक करून सोडवली. सगळे म्हणाले, वासराला भिते पोर."

मी तिच्यासमोर खाली बसले.

"आमची एसटी वळण घेऊन गोठ्यावरनंच जायची. खिडकीतनं दिसायचं मला. भाऊ वासराला कुरवाळत असायचा, आणि तू त्याच्याकडं पाठ करून रस्त्याकडं तोंड करून उभी असायचीस. गाडीकडं बघत. रडायची नाहीस. नुसती उभी."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"दिसत होतं ना. मुलांचंच काम करत होते मी." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, रक्तदाब सांगावा तसा. "पण रजा नव्हती. आणि तुला सांगून निघाले असते, तू रडली असतीस, तर माझा पाय उंबऱ्याबाहेर पडला नसता. मग भाऊ म्हणाला भिते, वहिनी म्हणाली भिते, मीपण म्हणू लागले, भिते. तेच बरं होतं."

यातलं मला काहीही आठवत नाही. तेव्हाही आठवून बघितलं, आताही बघते. गोठा आठवत नाही, वासरू नाही, वळणावरची एसटी नाही. पुरावा म्हणाल तर एकटी आई. मी तिला त्या दुपारी बरंच काही विचारू शकले असते. मी विचारलं ते एवढंच, "किती वर्षं?"

"शाळेत घालेपर्यंत," आई म्हणाली आणि चहा एका दमात पिऊन टाकला.

सोमवारी मी हाइकेला प्रयोग सांगितला. वासराचं सांगितलं नाही. तिनं मध्येच थांबवून कबुतराचा भाग पुन्हा सांगायला लावला आणि मग गुडघ्यावर थाप मारली. "मग माझं चुकत होतं. मी रोज तिला सशांचं आमिष दाखवत होते."

"तुम्हाला कसं कळणार?"

"आता तिला काही दाखवायचंच नाही," हाइके म्हणाली. "मी नुसती बसेन."

त्या आठवड्यात घरीही आम्ही बदललो. बूट मी जुईसमोर घालायला लागले, तिला सांगून, हात हलवून दाराबाहेर पडायला लागले. ती बघत राहायची. किटात ती आता भिंत सोडून हाइकेपासून हातभर अंतरावर बसू लागली होती. पण हात पुढे करत नव्हती, रडत नव्हती, खात नव्हती. महिना सरत आला. प्रयोगशाळेला कळवायचं झालं तर त्याच आठवड्यात कळवायला हवं होतं. रात्री मी मंदारला म्हणाले, "नाही जमलं, तर नाही म्हणून सांगते." तो म्हणाला, "अजून चार दिवस थांब."

त्याच शुक्रवारी आई निघणार होती. मंदार तिला रेल्वेनं फ्रँकफर्टच्या विमानतळावर पोचवणार होता. गाडी दुपारी होती.

"जुई शाळेत असेल तेव्हाच निघू," आई म्हणाली. किटाला ती शाळाच म्हणायची. "तिला कळणारपण नाही."

हे सोयीचं होतं, म्हणून मलाही पटलं. गुरुवारी मी ते हाइकेला सहज सांगितलं. तिनं मुलांचे रबरी बूट जोडीनं लावणं थांबवलं.

"आणि दुपारी घरी गेल्यावर ती ओमाला कुठं शोधेल?" ओमा म्हणजे आजी. "बाल्कनीत?"

मी खाली बसून तिच्यापुढचे उरलेले बूट लावू लागले.

"ओमांना उद्या इथं आणा," ती म्हणाली. "इथं मी आहे. तुम्हीही असाल. घरात एकटीनं शोधण्यापेक्षा बरं."

आईनं सरळ नाही म्हटलं.

"मला नाही जमायचं ते. पोरीसमोर बसून तोंडानं सांगायचं, मी चालले म्हणून? माझ्याच तोंडून शब्द फुटायचा नाही."

"आई, एवढ्या बायकांची बाळंतपणं केलीस तू."

"ती सोपी असतात," आई म्हणाली. "ती येणाऱ्यांची असतात."

मग तिनं बॅग भरायला घेतली. मी आग्रह केला नाही. शुक्रवारी सकाळी मी जुईला जॅकेट घालत होते तेव्हा आई आतून आली. प्रवासाची साडी, वर माझा जाडा स्वेटर, पायात मोजे आणि चपला.

"चला," ती म्हणाली. "काय ते लवकर उरका."

किटाच्या दारात प्रत्येक मुलाच्या कपड्यांची खुंटी असते आणि खुंटीवर एक चित्र. जुईच्या खुंटीवर गोगलगाय होती. आईनं तिच्या शेजारी आपला स्वेटर अडकवला आणि आत आली. छोट्या खुर्चीवर न बसता ती सरळ जमिनीवर मांडी घालून बसली. हाइकेनं तिच्याकडे बघून मान लवली, आईनंही लवली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि त्यांचं काही अडलंही नाही.

जुई येऊन आजीच्या मांडीत बसली. आईनं तिच्या केसांवरून हात फिरवला. एकदा. पुन्हा एकदा. मला वाटलं, ही आता उठून निघून जाईल.

"जुई," आई म्हणाली. "माझ्याकडं बघ. आजी गावाला चालली. लांब. विमानानं. आज घरी गेलीस की आजी नसेल. उद्यापण नसेल. शोधायचं नाही. आजी हरवली नाही, गावाला गेली. फोनवर दिसेल."

पावणेदोन वर्षांच्या मुलीला यातलं किती कळलं, मला सांगता येणार नाही. तिनं आजीच्या तोंडाकडे टक लावून बघितलं. मग आई उठली. सावकाश, गुडघ्यावर हात ठेवून, जुईला दिसेल अशी. दारापाशी गेली, वळली, हात हलवला आणि बाहेर गेली. मीही जुईला म्हणाले, "मी आजीला गाडीत बसवते आणि तुला न्यायला येते," आणि तिच्या मागून बाहेर पडले.

दार लागलं आणि आतून जो आवाज आला तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. माझ्याच मुलीचा, पण पोटाच्या तळातून आलेला.

आई तिथंच थांबली. भिंतीला हात टेकवला. "रडते."

"हो."

"जा ना आत. तिला काहीतरी दाखवा म्हणावं."

मी काचेतून बघितलं. जुई खोलीच्या मध्यभागी उभी होती, तोंड लाल, हात दोन्ही बाजूंना लांब. हाइके जमिनीवर बसून होती. तिनं खेळणं उचललं नाही, खिडकीकडे बोट केलं नाही. फक्त हात उघडे ठेवले. जुई मधल्या जागेत डुगडुगली, एक पाऊल दाराकडे, मग वळली आणि हाइकेच्या अंगावर जाऊन आदळली. तिच्या मानेत तोंड खुपसून रडत राहिली. हाइके डुलत होती. कचऱ्याच्या डब्यावाली मुलगी येऊन दोघींकडे बघत उभी राहिली.

"कुणी घेतलं का?" आईनं मागून विचारलं. तिनं काचेतून बघितलं नाही.

"बाईंनी घेतलं."

"गेली त्यांच्याकडं?"

"आपण होऊन गेली."

आई ऐकत राहिली. रडणं हळूहळू बारीक होत गेलं, मग हुंदके, मग नुसता श्वास. थोड्या वेळानं हाइके जुईला घेऊन दारापाशी आली, काचेतून माझ्याकडे बघून मान हलवली आणि हातानं खूण केली, जा. दुपारच्या जेवणानंतर या. मी प्रयोगशाळेत रुजू होणार होते, हे मला त्या खुणेवरून कळलं. जुई आता चौदा वर्षांची आहे आणि मी अजून त्याच प्रयोगशाळेत आहे.

आईनं खुंटीवरचा स्वेटर पुन्हा अंगात चढवला आणि आम्ही निघालो. स्टेशनवर मंदार बॅगा घेऊन आधीच आलेला होता. गाडी फलाटाला लागली. त्यानं बॅगा आत नेल्या आणि जागा धरायला तो आतच थांबला. आई डब्याच्या दारात, पायरीवर उभी राहून पर्स उघडझाप करत होती.

"पाणी राहिलं बघ," ती म्हणाली. "तेवढी एक बाटली आण जा. ते तिथं दुकान दिसतंय."

दुकान फलाटाच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. मी तिकडे वळलेसुद्धा. दोन पावलं गेले आणि थांबले.

"आई, पाणी मंदारच्या पिशवीत आहे. मीच भरून दिलंय."

"मग बिस्किटं."

"तीपण आहेत."

तिनं पर्सची चेन लावली. "म्हणजे तू काय इथंच उभी राहणार?"

"हो."

आईनं माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत मी तिला कितीतरी वेळा गाडीत बसवलं होतं, पण ती निघताना तिचा चेहरा बघितल्याचं मला आठवेना. दर वेळी मी काहीतरी आणायला गेलेली असायची.

"मी चालले, शलू," ती म्हणाली. आवाज पहिल्यांदाच हलला. "आता लवकर येणं होणार नाही माझं. गुडघे दुखतात, व्हिसा मिळत नाही. वर्षभर तरी नाही. तू नीट राहा. नोकरी कर. पोरीला सांगून जात जा."

मला हो म्हणायचं होतं. तोंड उघडलं तर भलतंच काही झालं. एकोणतीस वर्षांची, नोकरीवर रुजू होणारी बाई, परक्या देशातल्या भर दुपारच्या फलाटावर मी भोकाड पसरलं. शेजारून जाणाऱ्या एका माणसानं बॅग दुसऱ्या हातात घेतली आणि वळसा घालून गेला. खिडकीतून मंदार काहीतरी खुणा करत होता.

आई पायरीवरून खाली उतरली. मला वाटलं, आता ती मला गप्प करेल, तिला ते चांगलं येत होतं. तिनं माझं डोकं स्वेटरवर घेतलं आणि पाठीवर हात ठेवला.

"रड," ती म्हणाली. "गाडी सुटायला वेळ आहे अजून."